ओव्हाळ सरांचा ब

परवा आमच्या चाकणच्या ऑफिसात एक नवा डेव्हलपर मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, स्क्रीन बरोबर आहे, युजरच येडा आहे." मी त्याला असं काही झापलं की बिचारा दुपारी डबा घेऊन लांबच्या टेबलावर जाऊन बसला. मग माझं मलाच वाईट वाटलं. त्याला काय माहीत, हे वाक्य ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे एक हात येतो. उजवा हात, अंगठ्याशेजारची दोन बोटं नसलेला. आणि त्या हाताकडे टक लावून बघणारे ओव्हाळ सर येतात.

सर जाऊन आता दीड वर्ष होईल. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही, म्हणून मी बसलेय. माझं मराठी काही पुस्तकी नाही. सर असते तर म्हणाले असते, "वाचणाऱ्याला अडलं नाही ना? मग झालं."

मी ताथवड्याची सून. मुलगी होईपर्यंत आठ वर्षं चाकणला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायची. त्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह' आणि 'डिलीट' ही बटणं एकमेकांना इतकी चिकटून होती की महिन्यातून एकदा तरी माझा आख्खा दिवस उडायचा. साहेब ओरडायचे, मी म्हणायची, "सॉरी सर, माझं चुकलं." आठ वर्षं मी ते म्हणत होते आणि मला ते खरंच वाटत होतं. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा माझं वय तेहतीस, नोकरी नाही आणि तोंड मात्र होतं तसंच फटकळ. कुणीतरी म्हणालं, यूएक्स-यूआय शिक, त्याला मागणी आहे. म्हटलं, शिकू. म्हणजे काय ते शिकताना कळेलच.

काचेच्या इमारतींतले क्लास बघून झाले. तिथल्या पोरी माझ्याकडे कुणाची तरी आई आल्यासारख्या बघायच्या. मग एक दिवस चिंचवड गावठाणात दळण आणायला गेले होते, तर गिरणीच्या वर पांढऱ्या पत्र्याची पाटी दिसली. निळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'मोबाइलची, मशीनची स्क्रीन कशी आखायची ते इथे शिकवतो. जिना उजव्या हाताला. चपला-बूट ठेवायला वर जागा आहे.' शेवटचं वाक्य वाचून मी आधी हसले. मग लक्षात आलं, माझ्या पायात नव्या चपला होत्या आणि खाली सगळीकडे पीठ, आणि माझ्या मनात अगदी तोच प्रश्न होता. अक्षर छापल्यासारखं होतं. फक्त दोन्ही ब च्या पोटातली तिरकी रेघ जरा बाहेर डोकावत होती.

पहिल्या दिवशी आम्ही नऊ जण होतो. ताथवड्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं-पोरी आणि मी. एप्रिलचा उन्हाळा. सर आले, ठेंगणे, साठीकडे झुकलेले, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हणाले, "कुणीतरी पंखा लावा."

मी बोर्डाजवळ होते. आठ बटणांचा बोर्ड. पहिलं दाबलं, ट्यूबलाइट गेली. दुसरं दाबलं, जिन्यातला दिवा लागला. तिसरं दाबलं, काहीच झालं नाही, ते तर अजून भीतीदायक. पोरं हसायला लागली. मी घामाघूम. "सॉरी सर, सॉरी, माझं..."

"तुम्ही का सॉरी?" सर म्हणाले. "तुम्ही ह्या खोलीत आज पहिल्यांदा आलात. हा बोर्ड वीस वर्षं इथं आहे. पंखा कुठला ते त्यानं सांगायला नको?"

मग त्यांनी खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, मार्कर काढला आणि माझ्या हातात दिला. "लिहा. पुढच्याला सॉरी म्हणायची वेळ येऊ नये, एवढंच."

मी लिहिलं, 'पंखा'. सर वर बघत म्हणाले, "कुठला? दोन आहेत."

हा पहिला धडा. आजवर मला कुणी इतक्या प्रेमानं चूक दाखवली नव्हती. सर म्हणाले, "ह्या विषयाला इंग्रजीत मोठं नाव आहे, मुलाखतीपुरतं ते पाठ करून घेईन. आपण आपला 'वापर' म्हणू. माणूस वस्तू वापरतो. त्याला वापरता आली तर आपण पास, नाही आली तर आपण नापास. माणूस नापास होत नाही."

त्यांच्या खिशात ती पट्टी, तो मार्कर आणि एक छोटी कात्री कायम असायची. जाईल तिथं चिकटवत सुटायचे. कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या दोन किटल्यांवर त्यांनी 'साखरेचा' आणि 'बिनसाखरेचा' असं चिकटवलं होतं. गिरणीच्या दाराला बाहेरून कडी होती, म्हणून जो तो दार ओढायचा, आणि दार उघडायचं आत. सरांनी तिथं 'ढकला' लावलं. गिरणीवाले वैतागून म्हणाले, "आता माझ्या कपाळावर पण लावा एक."

"काय लिहू?" सर खरंच मार्कर काढून उभे.

"लिहा, दुपारी दोन ते चार झोपतो, दार वाजवू नका."

सरांनी ते लिहिलं, पण कपाळाऐवजी दारावर लावलं. त्या दिवसापासून दुपारी कुणी दार वाजवेना. गिरणीवाले नंतर आम्हा सगळ्यांना सांगायचे, "तुमचा सर येडा नाय, हा!"

सर मूळचे देहूरोडचे, वडील तिथं कारखान्यात कामगार. स्वतः सरांनी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं मशीनच्या पॅनलचे स्टिकर छापले. कुठल्या बटणाखाली काय लिहायचं, ते स्टिकर. मराठी अक्षरं तेव्हा हातानं काढायची, त्याची फिल्म कापायची, मग जाळीतून शाई ओढायची. तेव्हा नखांना त्या शाईची निळी कड असायची, पुढं मार्करची आली, ती शेवटपर्यंत होती. पुढं मशीनवर स्क्रीन आल्या, स्टिकर बंद पडले, वर्कशॉपही बंद पडलं. पंचेचाळिसाव्या वर्षी हा माणूस पोरासोरांच्या शेजारी बसून कॉम्प्युटर शिकला. म्हणायचे, "स्टिकर काय, स्क्रीन काय! माणसानं बोट कुठं ठेवायचं, तेवढंच सांगायचंय."

पहिले पंधरा दिवस त्यांनी कुणाला लॅपटॉप उघडू दिला नाही. "वही काढा." पोरं कुरकुरायची. गृहपाठ असे यायचे: घरी जाऊन गॅसच्या शेगडीची बटणं काढून आणा, कुठलं बटण कुठल्या बर्नरचं, आणि आईचा हात चुकून कुठल्या बटणाकडे जातो ते बाणानं दाखवा. चेहऱ्याकडे बघू नका, हाताकडे बघा. "तोंड काय, 'समजलं समजलं' म्हणतं. हात खरं सांगतो. हात अडला की समजायचं, आपलं काहीतरी राहिलं."

आणि एक नियम, ज्यावरून माझी त्यांच्याशी रोज भांडणं. बटणावर अर्धा शब्द लिहायचा नाही. 'पाठवा' लिहा, 'पैसे भरा' लिहा, 'मागे जा' लिहा, क्रियापद पाहिजेच. कुणी नुसतं 'पावती' लिहिलं की सर लाल पेनानं खोडायचे. "पावती काय? बघायची, काढायची, का फाडायची?" मी म्हणायची, "सर, बटणात मावत नाही." सर म्हणायचे, "मग बटण मोठं करा की! क्रियापदाची कंजुषी करू नका, वैशालीताई." मला वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, जुन्या काळातला. चांगलं तोंडावर बोलूनही दाखवलं एकदा. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

शनिवारी दुपारी परीक्षा असायची आणि परीक्षक होते अण्णा, सरांचे थोरले भाऊ. सत्तरीचे, उंच, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. देहूरोडहून लोकलनं यायचे. पूर्वी एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर कामाला होते आणि तिथंच उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या तीन बोटांत ते कप इतका सहज धरायचे की पहिले दोन शनिवार माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पद्धत अशी. आपण केलेली स्क्रीन मोबाइलवर अण्णांच्या हातात द्यायची, त्यांना एक काम सांगायचं, आणि गप्प बसायचं. मदत करायची नाही, डोळ्यांनी खुणवायचं नाही. सर ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "तोंडाला कुलूप." अण्णांचं काम झालं तर पास. पण काम करताना त्यांच्या तोंडून "माझं चुकलं" हे शब्द आले, की स्क्रीन पुन्हा नव्यानं करायची.

आणि ते शब्द दर वेळी यायचेच.

ऋतुजा आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार. तिनं डॉक्टरची वेळ घ्यायचं ॲप केलं होतं, रंग तर असे सुंदर की बघत राहावं. अण्णांनी मोबाइल हातात घेतला, वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या तीन रेघा कशाला वढल्यात, पोरी? गिरवायच्यात का?"

आम्ही हसून हसून बेजार. ऋतुजा लाल झाली, सांगायला पुढं सरकली, सरांचं बोट ओठांवर गेलं. अण्णा बराच वेळ स्क्रीन वर-खाली करत राहिले. मग मोबाइल हळूच टेबलावर ठेवून म्हणाले, "न्हाई जमत. माझंच चुकलं, पोरी. आमी चौथी शिकलेली अडाणी मानसं."

तेव्हा मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. ऋतुजा नापास झाल्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना लागलं होतं ते अण्णांचं वाक्य.

अण्णा गेल्यावर मी विचारलं, "सर, इतकं काय मनाला लावून घेता?"

सर म्हणाले, "माझी एकच इच्छा आहे बघा. अण्णानं एकदा तरी, मरायच्या आधी एकदा तरी, बटणाला शिव्या घालाव्यात. तीस वर्षं तो स्वतःलाच घालतोय." आणि जिन्यापर्यंत जाऊन परत आले. "त्याच्यासाठीच काढलाय हा क्लास. तुम्ही लोक माझ्या अण्णाच्या मागनं शिकताय."

मला वाटलं, भावाची माया, दुसरं काय.

मग माझी पाळी आली. आमच्या ताथवड्याच्या घरामागं भाडेकरूंच्या दहा खोल्या आहेत. पाण्याची टाकी वर आणि मोटरचा स्टार्टर खाली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी दिवसातून चार वेळा त्याच उतरणार. म्हणून मी मोबाइलवरून मोटर लावायची स्क्रीन आखली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "आन् मी खाली उतरले न्हाई तर शेजारनीशी कवा बोलू गं?" पण मनातून खूश होत्या.

स्क्रीनवर मी एकच बटण ठेवलं, पुरीएवढं गोल. मोटर बंद असली की लाल, त्यावर 'बंद'. चालू असली की हिरवं, त्यावर 'चालू'. क्रियापद मुद्दामच नाही घातलं. म्हटलं, सरांना दाखवतेच, अर्ध्या शब्दात किती सुटसुटीत होतं ते. ह्यात अडायला आहेच काय?

शनिवारी अण्णांच्या हातात मोबाइल दिला. "अण्णा, मोटर बंद आहे. ती चालू करायची." आणि तोंडाला कुलूप लावून बसले.

अण्णांचा अंगठा बटणाकडे गेला आणि थांबला. त्यांनी वाचलं. "बंद." परत वाचलं. "बंद हाय, का बंद करायची?"

अंगठा तसाच हवेत. मग त्यांनी हात मागं घेतला, नुसता मागं नाही, पार पिशवीत घातला आणि वरून डावा हात दाबून धरला. कपाळावर घाम आला होता. हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "माझंच चुकलं बाय. मला कळंना."

सर उठले. त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाले, "आज बस. सगळे घरी जा." असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

मी भडकले. स्क्रीन परत करायला माझी ना नव्हती, पण असं अर्ध्यावर उठायचं म्हणजे काय? अण्णा खाली चहाला गेले तसं मी सरांना जिन्यातच गाठलं. "सर, एका शब्दासाठी एवढं?"

सर पायरीवर बसले. मला म्हणाले, "बसा ताई." आणि सांगितलं.

"अण्णाच्या प्रेसवर एक लाल बटण होतं. आत दिवा, वर शब्द, बंद. मशीन चालू असलं की तो दिवा लागायचा. म्हणजे, बंद करायचं असेल तर हे दाबा. त्या दिवशी प्रेस मध्येच थांबली. अण्णानं बघितलं, दिवा लागलाय, बंद लिहिलंय. त्याला वाटलं मशीन बंद आहे. अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला त्यानं हात घातला."

पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

"चौकशी झाली. कागदावर लिहिलं, कामगाराच्या चुकीमुळे. अण्णानं डाव्या हातानं सही केली. तेव्हापासून तो 'माझं चुकलं' म्हणतोय." सर नखांची कड खरवडत होते. "त्याची डब्याची पिशवी आणायला मी शॉपमध्ये गेलो, तेव्हा पहिल्यांदा ती प्रेस बघितली. आणि ते स्टिकर. ताई, ते स्टिकर माझं होतं. मी काढलेलं, मी छापलेलं. ऑर्डरच्या चिठ्ठीत दोनच शब्द आले होते, चालू आणि बंद. मी विचारलंसुद्धा नाही, कुठं लावणार, कशाला लावणार."

"अण्णांना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग सांगून टाका ना, सर!"

"तीस वर्षं रोज सकाळी ठरवतो," सर म्हणाले. "होत नाही हिंमत."

मला रडू आलं, अगदी हमसून. त्यांच्यासाठी आलं, आणि 'म्हातारा हट्टी आहे' म्हणाले होते त्याची लाज वाटली म्हणूनही आलं. सरांनी खिशातून रुमाल काढला तर त्याला चिकटपट्टी चिकटून आली. मग आम्ही दोघंही हसलो.

पुढचा आठवडा मी दुसरं काही केलं नाही. वहीत काढलं, खोडलं, सासूबाईंच्या हातात दिलं, त्यांचा अंगठा बघितला, परत खोडलं. शेवटी ठरलं ते इतकं साधं की माझं मलाच हसू आलं. वर पूर्ण वाक्य: 'मोटर आत्ता बंद आहे.' त्याला बटणाचा आकारच नाही. खाली बटण आणि त्यावर: 'मोटर चालू करा'. दाबलं की वरचं वाक्य बदलतं: 'मोटर आत्ता चालू आहे.' आणि बटण म्हणतं: 'मोटर बंद करा'.

शनिवारी अण्णा आले. वर्गात सगळे होते. मोबाइल दिला.

अण्णांनी वाचलं, "मोटर आत्ता बंद हाय. बरं. मोटर चालू करा." अंगठा गेला, दाबलं. "झाली. आता बंद करू? ह्ये बगा, केली." आणि त्यांनी वर बघितलं, आता पुढं काय, अशा नजरेनं.

ते शब्द आले नव्हते. आम्ही टाळ्या वाजवल्या, ऋतुजानं तर शिट्टी मारली. अण्णा लाजले. स्क्रीनवरून अंगठा फिरवत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "असं लिवलं आसतं तवा..." आणि थांबले.

खालून गिरणीचा आवाज तेवढा येत होता. सर खुर्चीवरून उठले, अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले. साठीचा माणूस, पण शाळेत छडी खायला उभा राहिलेला असतो ना, तसा.

"अण्णा, त्या प्रेसवरचं स्टिकर मी केलं होतं."

अण्णांनी मोबाइल खाली ठेवला. "ठावं हाय की."

सरांना ऐकू आलं नाही बहुतेक. "मी काढलेलं होतं ते, बंद. माझ्या हातानं."

"आरं, ठावं हाय म्हन्तो ना! तुजा ब मी वळखनार न्हाई व्हय रं, परभा? पाटीवं तुज्याकडनं गिरवून कुनी घेतला? रोज सांगायचो, रेघ पोटात ठिव, पोटात ठिव, आन् तू रोज बाहीर काढायचा." अण्णा हसले. "ती मशीन आली त्याच दिवशी वळखला. कुनाला बोललो न्हाई, पन रोज कामाला उभं ऱ्हायलं की बगायचो. आपल्या परभाचा ब."

"मग चौकशीत बोलला का नाहीस?" सरांचा आवाज फाटला. "बटण चुकलं म्हणून सांगायचं होतंस ना!"

"आन् मंग सायबानं इचारलं आसतं, बटान केलं कुनी." अण्णा शांतपणे म्हणाले. "तुजी नोकरी नवी. लगीन ठरल्यालं. माजी बोटं तर गेलीच व्हती, परभा. ती काय तुजं नाव सांगून परत येनार व्हती? म्हनलं, आपलंच चुकलं म्हनावं, इशय मिटला. मंग सवय लागली."

सर मटकन खाली बसले, अण्णांच्या पायाशी, आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. अण्णा त्या तीन बोटांनी त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिले. आम्ही नऊ जण एकामागून एक जिना उतरलो. जाताना पायऱ्यांवर आवाज होऊ नये म्हणून ऋतुजानं चप्पल हातात घेतली होती.

मी पास झाले. पुढं चाकणला नोकरी लागली, मशीनच्या स्क्रीन आखायचीच. आज आमच्या घरची मोटर त्याच स्क्रीनवर चालते, आणि सासूबाई तरीही शेजारणीशी बोलायला खाली उतरतातच. सरांकडे जाणं कमी झालं. मधूनमधून फोन करायची. विचारायची, "अण्णा काय म्हणतात?" सर हसायचे. "काय म्हणणार? परवा टीव्हीचा रिमोट चालेना, तर म्हणाला, माझं चुकलं. तीस वर्षांची सवय, ताई. अशी जाते होय?" हसायचे, पण मला कळायचं, ते अजून वाटच बघतायत.

सरांना मी शेवटचं बघितलं ते डोळ्यांच्या दवाखान्यात. सासूबाईंना मोतीबिंदू दाखवायला नेलं होतं. बाकावर सर बसलेले, उजव्या डोळ्यावर ऑपरेशननंतरची प्लॅस्टिकची झापडी. मी नमस्कार केला तर आवाजावरून ओळखलं. "वैशालीताई! बसा, बसा. अण्णा नंबर काढायला गेलाय."

दाराजवळ नंबर काढायचं नवंकोरं मशीन होतं आणि त्याच्यापुढं अण्णा, सरांचा मोबाइल नंबर टाकून उभे. मी तिथूनच स्क्रीन वाचली. 'तुम्ही नवीन रुग्ण नाही?' आणि खाली दोन बटणं, 'होय' आणि 'नाही'. मी कपाळावर हात मारला. आता ह्याला काय उत्तर द्यायचं माणसानं? सर चार वेळा येऊन गेलेले. होय, नवीन नाही, का नाही, नवीन नाही?

मी मदतीला उठणार, तर सरांनी माझं मनगट धरलं. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर.

अण्णांची तीन बोटं हवेत थांबली होती. मग त्यांनी 'नाही' दाबलं. मशीन टुंग वाजलं आणि लाल अक्षरं आली. अण्णांनी ती मोठ्यानं वाचली, "तुम्ही चुकीचा पर्याय निवडला आहे."

सरांची माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली. अण्णा त्या लाल अक्षरांकडे बघत राहिले. मी मनात म्हणत होते, नका म्हणू अण्णा, आज नका म्हणू.

"तुज्या मायला तुज्या!" अण्णा कडाडले. आख्खा दवाखाना वळून बघायला लागला. "मी चुकीचा व्हय रं? तुला धड इचारता येत न्हाई आन् मला चुकीचा म्हन्तंय! कुनी बनवलंय ह्ये बेनं? बोलवा त्याला हितं!"

काउंटरवरची मुलगी धावत आली, वॉचमन आला. अण्णा त्या मशीनला बोटं नाचवत आणखी चार शिव्या घालत होते, अगदी मन लावून. आणि सर हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, आणि झापडीखालून गालावर पाणी ओघळत होतं. नर्स ओरडली, "आजोबा, डोळ्याला पाणी नाही लागू द्यायचं, सांगितलंय ना!" सर म्हणाले, "लागू द्या हो, सिस्टर. आजच्या दिवस लागू द्या."

मग ते भिंत धरून उठले. खिशात हात घातला, पट्टी काढली, मार्कर काढला. मी म्हटलं, "द्या सर, मी लिहिते." तर म्हणाले, "नाही. हे मी लिहिणार." मशीनच्या कडेला पट्टी ताणून धरायला अण्णा आले, आणि एका डोळ्यानं, नाक पट्टीला टेकेल इतकं वाकून, सरांनी सावकाश लिहिलं: 'आधी इथे आला असाल तर नाही ऐवजी होय हे बटण दाबा.' काउंटरवरची मुलगी पुढं आली. ती वाचत होती, आणि तिची मान हलत होती.

दोन ब होते, आणि दोन्हींच्या रेघा पोटाबाहेर आल्या होत्या. अण्णांनी ते बघितलं. पट्टी स्क्रीनखाली लावली आणि अंगठ्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दाबत नेली.

"सरळ लागली का रे, अण्णा?" सरांनी विचारलं. "मला दिसत नाहीये नीट."

"लागली," अण्णा म्हणाले. "आन् वाकडी आसंल तर पट्टीचं चुकलं. तुजं न्हाई."